जलपरीवरचे ओरखडे

पावसाला मी दोष देणार नाही. छत्री चर्चमध्ये विसरले ती मीच, आणि मासळीबाजारामागच्या त्या उघड्या दारात आडोशाला शिरले तीही मीच. पण आत जे चाललं होतं ते पाहून कुठलीही शहाणी बाई ओरडलीच असती.

एक उंच माणूस टेबलावरच्या रंगीत लाकडी फळीवर ओणवा झाला होता. फळीवर समुद्र, समुद्रात जलपरी, आणि जलपरीचा अर्धा चेहरा झिजून खालचं लाकूड उघडं पडलेलं. जे ओठ अजून शाबूत होते, नेमक्या त्यांच्यावरून तो गडी काळी रेघ ओढायच्या बेतात होता. जुन्या रंगावर!

"थांबा!" मी किंचाळले.

तो दचकला. ब्रश सरकला. आणि जलपरीला मिशी फुटली... चांगली झुपकेदार, आमच्या पोस्टमास्तरांना आहे तशी.

त्यानं आधी मिशीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझ्या केसांतून पाणी ठिबकत होतं आणि नाक लाल झालं असणार. त्याचे डोळे करडे होते. हे मी तेव्हाच पाहिलं, उगाच खोटं कशाला बोलू?

"आपण कोण?" त्यानं विचारलं.

"मिर्ता. पलीकडच्या चर्चमधली भित्तिचित्रं दुरुस्त करते."

"संतांच्या अंगावरही अशाच ओरडता?"

"संत दचकत नाहीत."

"मी लोरिस. पिनबॉलची यंत्रं दुरुस्त करतो. म्हणजे... आत्ता आत्तापर्यंत करत होतो."

मिशी माझ्यामुळे आली, तेव्हा ती काढणं माझ्याकडे आलं. दुसऱ्या दिवशी कापसाचे बोळे आणि रंग उतरवायची माझी औषधं घेऊन गेले. मिशी अर्ध्या तासात गेली. मी मात्र गेले नाही.

फळी ज्यातून निघाली, ते गोळी पळवायच्या खेळाचं यंत्र होतं लोरिसच्या मावशीचं, देर्नामावशीचं. किनाऱ्यावरच्या तिच्या बारमध्ये कित्येक उन्हाळे ते उभं होतं, आणि धावणाऱ्या पोलादी गोळीनं जलपरीला खाऊन टाकलं होतं. ईस्टरला बार उघडायच्या आत मावशीला ते परत हवं होतं. लोरिसनं तारा, दिवे, खुंट्या सगळं उतरवून फळी मोकळी केली होती. तारांवर त्याचा हात सरसर चालायचा. चेहऱ्यावर आला की लटपटायचा. चेहरे हे माझं काम. रोज संध्याकाळी चर्चमधून सुटले की माझे पाय आपोआप मासळीबाजाराकडे वळायला लागले.

भांडण तिसऱ्या का चौथ्या दिवशी झालं.

"या रेघा कसल्या?" लोरिस फळीला नाक लावून म्हणाला.

"जिथला रंग गेलाय तिथे बारीक उभ्या रेघा भरायच्या. लांबून चित्र पुरं दिसतं, जवळून कळतं की हे मागाहून केलंय. बघणाऱ्याला फसवायचं नाही. आम्हाला हेच शिकवलंय."

"अहो, बघणारा ओल्या चड्डीत उभा असतो! एका हातात बियर, गोळी सुटलेली, मागून बायको हाका मारतेय. त्याला कोण फसवणार?"

"तत्त्व म्हणजे तत्त्व."

"मग माझंही ऐका. दुरुस्ती दिसली तर ती दुरुस्तीच नव्हे. मला जलपरी नवीकोरी हवी."

"नवीकोरी हवी तर नवी फळी छापून घ्या!"

"बाई... भांडताना तेवढा ब्रश खाली ठेवा. परत मिशी यायची."

मला हसू फुटलं. हसायचं अजिबात नव्हतं, म्हणून आणखीच फुटलं. दुपारची पियादिना, आमच्याकडची पातळ भाकरी, शिल्लक होती. त्यानं ती शेगडीवर गरम केली, मोठा तुकडा मला दिला, आणि आम्ही जलपरीच्या दोन बाजूंना बसून ती खाल्ली.

मार्चच्या थंडीनं बोटं आखडतात असं मी एकदाच, सहज, म्हणाले होते. दुसऱ्या दिवसापासून रंगाच्या बाटल्या लोरिसच्या खिशातून निघायला लागल्या, उबदार. बाटली घेताना माझी बोटं जरा जास्तच वेळ रेंगाळायची, हे खरं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं कळलंच नाही. आणि एका संध्याकाळी तो म्हणाला, "चेहरा तुझ्या रेघांचाच राहू दे. समुद्र माझ्या पद्धतीनं... चालेल?"

चालेल? मला तर त्या क्षणी त्याचा हात धरून गावच्या कालव्याकाठानं फेरी मारावीशी वाटली. "बघू," मी म्हणाले.

राहिलं होतं ते एकच काम – वरून पारदर्शक लॅकर मारायचं. एकदा ते बसलं की खालच्या रंगाला कुणाला हात लावता येत नाही. म्हणजे माझं काम संपलं. म्हणजे माझं येणं संपलं. पण दमट हवेत लॅकर दुधासारखं पांढरं पडतं, त्यामुळे कोरड्या दिवसाची वाट बघणं आलं. जन्मभर ओलीच्या नावानं बोटं मोडणारी मी, संतांच्या पायाशी बसून आणखी पाऊस मागायला लागले.

त्याच दिवसांत पहिला ओरखडा दिसला. जलपरीच्या शेपटीवर, बारीक, सरळ. गोळीची झीज मला आता ओळखता येत होती. तिच्या कडा मऊ असतात. हा ओरखडा ताजा होता, मुद्दाम काढलेला. मी लोरिसकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

अस्सं! मी गुपचूप रंग कालवला. ओरखडा भरायला दोन संध्याकाळी गेल्या. तो भरून होतोय तोवर खांद्यावर दुसरा. मग खेकड्यावर तिसरा. वेडा कुठला! मी यावं म्हणून स्वतःची फळी ओरबाडतोय! घरी जाताना मी रस्ताभर गाणी गुणगुणायचे.

"रात्री झोप लागते ना रे नीट?" मी खोचून विचारायचे.

"लागते की." तो गालात हसायचा. "तुझे हात नाही ना दुखत... एवढा उद्योग करून?"

किती काळजी करतो, मला वाटायचं.

आणि मग गार्बिनो सुटला. डोंगराकडून येणारा कोरडा, उबदार वारा. त्यानं माणसाचं डोकं फिरतं म्हणतात, म्हणून त्या दिवशी आमच्या गावात कुणी काही वेडंवाकडं बोललं तरी मनावर घेत नाहीत. लोरिसनं सकाळीच निरोप धाडला, 'आज लॅकर.' ईस्टर आठवड्यावर आलेला. मी जड पायांनी गेले, तोंडाला मास्क बांधला, फळीवरचं कापड उचललं –

कपाळापासून हनुवटीपर्यंत उभाच्या उभा ओरखडा. माझ्या रेघांच्या मधोमध.

"लोरिस! हद्द झाली!" मी मास्क खाली ओढला. "शेपटी मी समजू शकते. खेकडा समजू शकते. पण चेहरा? अरे, एवढा खटाटोप कशाला? तू नुसतं 'ये' म्हणाला असतास तरी आले असते मी!"

त्यानंही मास्क खाली ओढला.

"मी? मी फळीवर ओरखडा काढीन? मिर्ता, एक वेळ हात कापून घेईन! मला वाटलं... हे तू करतेयस."

"मी? तत्त्वाची बाई मी!"

"म्हणून तर! मला वाटलं, ही बाई माझ्यासाठी तत्त्वसुद्धा सोडायला निघाली. तीन आठवडे जमिनीवर पाय नव्हते माझे."

बाहेर वारा पत्र्यावर धडाधड आपटत होता. त्यानं केलं नाही, मी केलं नाही. म्हणजे ज्या ओरखड्यांच्या भरवशावर मी एवढी गाणी म्हटली, ते प्रेमाचे नव्हतेच. कदाचित प्रेमच नव्हतं. आणि वर, मनातलं सगळं तर मी आत्ताच ओरडून सांगून बसले होते.

"मी काढले," दारातून आवाज आला.

देर्नामावशी सुपाचं भांडं घेऊन उभी होती. तिनं ते शांतपणे ठेवलं आणि एप्रनच्या खिशातून शिंपले उघडायची सुरी काढली.

"या सुरीनं. असे बघू नका माझ्याकडे. माझ्या बारमध्ये पोरंपोरी त्या यंत्रापाशी उभी राहून एका संध्याकाळी काय ते ठरवून मोकळी व्हायची. आणि तुम्ही! तुम्ही गेलात की मी येऊन ओरबाडते, तुम्ही रंगवता. मी ओरबाडते, तुम्ही रंगवता! कान लाल करता, आणि परत रंगवता! माझ्या सुरीची धार गेली!"

"मावशी, यंत्र तुझंच आहे ना गं!" लोरिस कळवळला.

"भाचाही माझाच आहे. यंत्र दुसरं मिळेल." ती दाराकडे वळली. "सूप गरम आहे तोवर बोलून घ्या."

दार लागलं. लोरिसनं फळीकडे पाहिलं. हा ओरखडा भरायचा तर आजचा वारा हातचा जाणार होता. मी ब्रशकडे हात नेला तसा त्यानं तो हळूच धरला. माझा हात... ब्रश नव्हे.

"राहू दे तो तसाच," तो म्हणाला. नवीकोरी जलपरी हवी असलेला माणूस!

"दिसेल सगळ्यांना."

"दिसू दे."

आम्ही मास्क चढवले. त्यानं लॅकर फवारायची बंदूक उचलली, पुन्हा खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"मिर्ता, हे एकदा बसलं की इथे दुरुस्त करण्यासारखं काही उरणार नाही. एक टिंबसुद्धा नाही." मास्कमागून त्याचा आवाज घोगरा येत होता. "तरी येशील? काही काम नसताना... रोज?"

"हो," मी म्हणाले. पण माझ्याही तोंडावर मास्क, वर कंप्रेसरची घरघर.

"काय?"

"हो!"

"काय म्हणालीस?"

मी मास्क उपटून काढला. "हो म्हणतेय! येईन! रोज येईन! आवडतोस तू मला, गाढवा!"

लोरिसनं बंदूक ठेवून दिली आणि स्वतःचाही मास्क काढला. तेवढ्यात दाराबाहेरून देर्नामावशीनं हाक दिली.

"साऱ्या मासळीबाजाराला ऐकू आलं! आधी लॅकर मारा रे, वारा पडेल!"

तिला थोडं थांबावं लागलं.