दणके न खाल्लेली तुळई

ओढ्यावरच्या साकवावर पाय ठेवण्याआधी कोंडवाडीची माणसं चपला हातात घेत, तुळईला शिवून कपाळाला हात लावत आणि हलक्या पावलांनी पलीकडे जात. पोरं धावलीच तर कोणीतरी खेकसे, "देवाच्या पाठीवर नाचता काय रे?"

हे बघून सगुणा धुमकचा जीव जळे. साकवाची राखण पंचायतीनं तिच्याकडे दिली होती.

अख्खा साकव पेलणारी ही तुळई साधी नव्हती. हाड जसं वापराप्रमाणे भरतं नि झिजतं, तशी तिच्या पोटातली घट्ट खळ भार येईल तिकडे सरके. बसवल्यापासून सहा महिन्यांत तुळई माणसांच्या चालीवरून शिकली होती. मध्यावर ती मांडीएवढी जाड झाली, आणि दोन्ही काठांकडे जाताना मनगटाएवढी बारीक.

"मोघेसाहेब, पंधरा दिवसांत पऱ्ह्याला पूर येईल," सगुणा तुळई बनवणाऱ्या इंजिनिअरला तिसऱ्यांदा सांगत होती. "रानातले ओंडके येऊन आपटतात. हिनं आपटणं कधी बघितलंच नाही."

"काकी, तुळईची मापं दाखवणाऱ्या पडद्यावर सगळं हिरवं आहे, धोका नाही. दोन टन भार ठेवून तपासलंय."

"ठेवला कसा? सरपंचानं पोती ठेवली ती पाळण्यात बाळ निजवावं तशी!"

सगुणेची मुलगी मंजिरी पलीकडच्या दवाखान्यात नर्स होती. पूर असो नसो, दिवसातून दोनदा ती साकवावरून जाई.

मोघ्यांनी नमुन्याला आणलेला, तसाच एकीकडे जाड नि एकीकडे बारीक असा तुळईचा हातभर तुकडा सगुणेनं दोन दगडांवर आडवा टाकला. त्यावर जांभ्याचा चिरा अलगद ठेवला. काही झालं नाही. मग तोच चिरा कमरेएवढ्या उंचीवरून सोडला. तुकडा बारीक जागी कडकन मोडला.

"आसूड ओढलात कधी? मुठीशी जाड, टोकाला बारीक. हिसका मुठीत, पण फटकारा टोकाला. दणका जाडातून बारकात शिरला की तिथं दाटी करतो."

मोघ्यांनी मोडलेला तुकडा उचलून बघितला. "मग तिला दणकेच शिकवावे लागतील," ते म्हणाले.

सगुणेनं घरून मुसळ आणलं आणि भात कांडावं तशी साकवाच्या अलीकडच्या काठाशी, तुळईच्या बारीक जागी ठोकायला लागली. सरपंच धावत आला.

"वयनी, येड लागलंय काय? पूजा केलेला साकव हा!"

"देव असेल तर सोसेल, भावोजी. नसेल सोसत तर आत्ताच कळू दे. मंजिरी वर असताना नको."

तासाभरानं मोघे ओरडले, "जाडी एक सूत वाढली!" मग त्यांनी दुसरं माप बघितलं. "पण पलीकडच्या काठाला तेवढीच बारीक झाली. काकी, खळ आहे तेवढीच आहे. जिथं भार नाही तिथून ती ओढली जाते."

सगुणेनं मुसळ आदळलं. "म्हणजे ह्या काठाचं मरण त्या काठाला?"

"दोन्हीकडे एकदम ठोकलं तर मधली जाडी वाटली जाईल. पण चाळीस माणसं लागतील. रोज, पंधरा दिवस."

काठावर अख्खी वाडी जमली होती. सगळ्यांनी हात जोडले होते, साकवाला.

"अरे, हात काय जोडता? मुसळं आणा की!" सगुणा ओरडली.

कोणी हललं नाही. मग गर्दीच्या मागून एक बाई घराकडे वळली. तिच्यामागून आणखी दोघी. मुसळं आणायला निघाल्या, की हे पाप डोळ्यांनी बघायला नको म्हणून?