हसू नये अशी जागा

मोहनबाईंचा एक सिद्धांत होता : चहाचा ट्रे घेऊन येणारी मुलगी अभिनय करते; खरी मुलगी दिसते ती हसताना. म्हणून भाच्याला, निर्मलकुमारला, घेऊन त्या, त्याच्या भुवाजी म्हणजे आत्या, धुळ्याहून स्थळ पाहायला आल्या, तेव्हा कापडवाले उत्तमचंद शेठ व त्यांची कन्या कुसुमलता यांना त्यांनी थेट जळगावच्या थिएटरात बोलावले. चित्रपट विनोदी होता.

कुसुमलता बायकांच्या बाजूला मोहनबाईंजवळ बसली. मधल्या वाटेपलीकडे निर्मलकुमार. कापसाचा हंगाम होता. त्याच्या कोटाच्या खांद्यावर एक पुंजका अडकला होता. त्याने वळून पाहिले... आणि तिने घाईने पडद्याकडे.

चित्रपटभर एक वेंधळा आचारी पडत होता, मार खात होता. कुसुमलता खळखळून हसत होती. मोहनबाई मान डोलावीत होत्या. शेवटी तोच आचारी, श्रीमंताघरी दत्तक दिलेल्या स्वतःच्या मुलीला, तिच्या लग्नात लाडू वाढू लागला. तिने त्याला ओळखले नाही. हातातला लाडू पडला. खाली बसून तो बाहीने लाडू पुसू लागला—आणि थिएटर हसले. केवळ सवयीने हसले. सर्वांत मोठ्याने निर्मलकुमार.

कुसुमलता ताडकन उभी राहिली.

"हसता काय? तो बाप आहे!"

"ओ ताई, खाले बठ ना! पिक्चर शे हाई!" पुढून कोणी ओरडले.

मोहनबाईंनी तिचा पदर ओढला. ती बसली नाही.

"विनोदी पिक्चरमध्ये भांडणारी सून आम्हांला नको," चित्रपट सुटल्यावर मोहनबाईंनी थिएटरच्या दारातच स्थळ मोडले.

पुढच्या आठवड्यात निर्मलकुमार एकटाच उत्तमचंदांच्या दुकानात उभा राहिला. कुसुमलता वडिलांचा डबा घेऊन आली होती.

"कापड दाखवू?" उत्तमचंदांनी गोंधळून विचारले.

"नको, शेठजी. मला यांच्याशी भांडायचे आहे." तो तिच्याकडे वळला. "तुमचे म्हणणे खोडावे म्हणून मी तो चित्रपट पुन्हा पाहिला."

"मग? खोडलेत?"

"नाही ना... मागचा एक जण हसला. मी त्याची गचांडी धरली."

"गचांडी कशाला? तोंडाने सांगायचे."

"उभे राहून? तेवढे धैर्य नव्हते."

"येईल?"

"तुम्ही शेजारी असाल, तर."

"बायका वेगळ्या बसतात."

"बसतात. बसलेच पाहिजे असे कोणी ठरवले?"

उत्तमचंद खाकरले. कुसुमलता मात्र शांतपणे म्हणाली, "तुमच्या भुवाजींनाही आणा. त्यांनी माझी परीक्षा घेतली. आता मी तुमची घेते."

रविवारी त्याच चित्रपटाला ती दोघे पुरुषांच्या बाजूला शेजारी-शेजारी बसली. माना वळल्या, कुजबुज झाली. मागच्या रांगेत, लक्ष ठेवायला उत्तमचंदांशेजारीच बसलेल्या मोहनबाई धुमसत होत्या.

लाडू पडला. थिएटर हसले.

कुसुमलता हलली नाही. तिने फक्त त्याच्याकडे पाहिले. तो खुर्चीचा हात घट्ट धरून बसला होता... आणि मग उठला.

"हसू नका!" त्याचा आवाज चिरकला. "तो बाप आहे!"

"निर्मल, खाली बस!" मोहनबाई कडाडल्या.

"नाही, भुवाजी. आणि लग्न करीन, तर हिच्याशीच."

कुसुमलता उठली. भर थिएटरात तिने त्याच्या खांद्यावर आजही अडकलेला कापूस दोन बोटांनी अलगद टिपला.

"आता बसावे," ती पुटपुटली. "भुवाजींना पडदा दिसत नाही."

"दिसेना का," तो म्हणाला. "आपण तर दिसतो आहोत ना?"

ती बसली नाही.