डोंगराचं ऐकणारा राउटर

राउटरचा हिरवा दिवा लागलेला होता. वायर शाबूत होती, वीजही होती. तरीही डोंगर मुका झाला होता.

निहिराने पडद्याकडे पुन्हा पाहिलं. कोंढाळवाडीच्या डोक्यावर असलेल्या डोंगरात तिच्या सानिकाआत्याने संवेदक (माती सरकली की कळवणारी छोटी यंत्रं) पुरले होते. त्यांचे संदेश घरातल्या राउटरकडे यायचे आणि धोका दिसला की गावचा बॅटरीवरचा भोंगा आपोआप वाजायचा. आज मात्र एकच ओळ दिसत होती : ‘या उपकरणाची सेवा समाप्त झाली आहे.’

“आत्या, हा बिघडलेला नाही, मग काम का करत नाही?”

“त्याचं फर्मवेअर (यंत्राच्या पोटात राहून त्याला चालवणारा प्रोग्राम) कुलूपबंद आहे आणि किल्ली कंपनीकडे. कंपनीने ठरवलं, आता पुरे.” भूगर्भशास्त्रज्ञ आत्याचा आवाज कोरडा पडला होता.

बाहेर पाऊस कोसळत होता. शेजारचे मोहितेकाका ओलेचिंब होऊन आत आले. “सानिका, कुणी हलायला तयार नाही. मागे दोनदा उगाच शाळेत जाऊन बसलो म्हणतात. भोंगा वाजला तरच निघणार.”

“मग काका,” आत्या म्हणाली, “घराघरांतले राउटर मागून आणा. माझ्याकडे ओपन सोर्स फर्मवेअर आहे. त्याचं मूळ लिखाण सगळ्यांसाठी खुलं असतं, कुणीही ते वाचून सुधारू शकतं. फक्त ते नीट चालेल असा राउटर हवा.”

काकांनी तीन राउटर आणले. निहिराने झटकन आठ अँटेनांचा चकचकीत राउटर उचलला.

“तो नको,” आत्या म्हणाली. “त्याच्या चिपची माहिती बनवणाऱ्यांनी गुप्त ठेवली आहे. खुलं फर्मवेअर सुरू होईल, पण त्याला वायरलेस चालवता येणार नाही.”

“मग हा छोटा?”

“त्याची साठवण अपुरी. फर्मवेअर कसंबसं मावेल. संवेदकांचे संदेश वाचणारा आपला दरडीचा प्रोग्राम कुठे ठेवणार?”

उरला एक साधा, पिवळट डबा. त्याच्या चिपची माहिती खुली होती, जागाही भरपूर होती. आत्याने लॅपटॉपवर त्या मॉडेलच्या नावाची, दरडीचा प्रोग्राम घातलेली फर्मवेअरची फाइल निवडली आणि बोट बटणावर नेलं.

“थांब!” निहिरा ओरडली. तिने डबा उलटा केला होता. “इथे आवृत्ती दोन लिहिलंय. तुझी फाइल आवृत्ती एकची आहे.”

आत्याने बोट मागे घेतलं. नाव तेच ठेवून डबा बनवणाऱ्या कंपनीने आतली चिप बदलली होती. चुकीची फाइल गेली असती तर डबा ठार झाला असता. सुदैवाने लॅपटॉपमध्ये आवृत्ती दोनचीही फाइल होती. ती निघाली, अर्ध्यावर पोचली आणि वीज गेली.

दिवा विझला. डोंगरावरून मोठा दगड घरंगळल्याचा आवाज आला. काकांनी दाराची चौकट घट्ट धरली.

“संपलं का?” निहिराने विचारलं.

“नाही. चांगल्या राउटरची आणखी एक खूण असते, पडला तर उठता येणं. याच्या आत एक छोटा राखीव प्रोग्राम आहे. तो पुसला जात नाही.” आत्याने राउटर बॅटरीला जोडला. “हे मागचं बटण दाबून धर. मी चालू करते.”

निहिराने बटण इतकं दाबलं की नख पांढरं पडलं. दिवा लुकलुकला. फाइल पुन्हा निघाली. या वेळी ती शेवटपर्यंत गेली.

मग पडद्यावर ठिपके उमटू लागले. एक संवेदक बोलला, दुसरा बोलला, आणि वरच्या अंगाचे सगळे एकदम लाल झाले.

भोंगा वाजला.

माणसं पोरं काखेत मारून, गुरं सोडून शाळेकडे धावली. निहिरा आत्याचा हात धरून सर्वांत शेवटी पोचली. मागे डोंगराचा कडा गडगडत खाली आला आणि वरच्या आळीतली रिकामी घरं चिखलात गेली.

शाळेत काकांनी माणसं दोनदा मोजली. सगळी होती.

मोजणी संपल्यावर निहिराने विचारलं, “आत्या, घाटाखालच्या दुसऱ्या गावांतही संवेदक आहेत ना? त्यांचे राउटर?”

“कुलूपबंदच. आज ना उद्या तेही गप्प होतील.”

“मग त्यांना सांगूया, कोणता निवडायचा ते. आणि कुणाकडे छोटाच राउटर असला, तर त्यातही हे सगळं मावायला हवं. फर्मवेअरचं लिखाण मला वाचायला देशील?”

आत्याने चिखलाने माखलेल्या हातांनी सोबत आणलेला लॅपटॉप उघडला आणि तिच्याकडे सरकवला.