तेरावी खुंटी

"शेपट्या, मागे राहू नकोस हं!" थोरलीने बजावलं. धाकटा भाऊ सतत तिच्या मागे-मागे, म्हणून त्याचं नावच शेपूट पडलं होतं.

सुट्टीत मामाकडे आलेली ही मंडळी आज जुनी खाण बघायला निघाली होती. दाराशी वाटाड्याकाका एकेकाला हेल्मेट देत होते. बारा खुंट्यांवरची बारा पिवळी हेल्मेटं संपली आणि शेपूट उरला.

"थांब, पेटीत एक आहे. दुकानदाराने डझनावर वरचं दिलेलं!" काकांनी लाल हेल्मेट काढलं. ते थेट शेपटाच्या नाकापर्यंत आलं.

"टोपलीखालची कोंबडी!" मामेभाऊ चष्मिस खिदळला.

आतला गारवा हाडांत शिरत होता. एका वळणाशी खोल विवर होतं. काकांनी त्यात दगड टाकला. कितीतरी वेळाने आवाज आला, 'डुबुक्!'

बाहेर उन्हात आल्यावर थोरलीच्या जिवात जीव आला. काकांनी खुंट्यांवर नजर टाकली. "डझन पूर्ण!" दिवे बंद, लोखंडी दार बंद, कुलूप!

नळावर पाणी पिताना थोरलीने सवयीने मागे हात केला. बोट धरायला कोणी नव्हतं.

"शेपूट तुझ्याजवळ आहे ना?" तिने चष्मिसला विचारलं.

"माझ्याजवळ? मला वाटलं, तुझ्याजवळ!"

ती दाराकडे धावत सुटली. त्या दिवसांत पोरांच्या खिशात फोन नसत, गोट्या असत. आत मिट्ट काळोख... आणि ते विवर!

"काका, दार उघडा! माझा भाऊ आत आहे!"

"छे! बाराच्या बारा हेल्मेटं परत आलीत." काका सायकलकडे निघाले होते.

"पण आम्ही बारा नव्हतोच!"

"पोरी, डझन म्हणजे बारा. मला शिकवतेस?"

थोरलीला मामीची बेकरी आठवली. सकाळीच पाव मोजताना मामी म्हणाली होती, 'इंग्रजीत याला बेकर्स डझन म्हणतात. माल कमी भरायला नको म्हणून वर एक. नाव डझन, पाव तेरा!'

"काका, तुमचा डझन बेकरीवाल्यांचा आहे! वरचं लाल हेल्मेट कुठाय? दाखवा!"

"दाखवा, मगच ही मिळेल!" चष्मिसने सायकलची किल्ली कधीच मुठीत घेतली होती.

काकांनी वळून पाहिलं. पिवळं, पिवळं, सगळी पिवळीच! पेटी रिकामी! त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी धावत जाऊन दाराचं कुलूप काढलं.

दिवे लागले. "शेपट्या, हलू नकोस!" थोरली ओरडली.

'नकोस... नकोस...' खाणच तेवढी बोलली. थोरली तशीच आत धावली.

वळणावर भिंतीला चिकटलेलं लाल हेल्मेट दिसलं. खाली घट्ट मिटलेले डोळे. विवर जेमतेम हातभर लांब!

"नाडी बांधत होतो... दिवे गेले," शेपूट हुंदके देत म्हणाला. "तूच सांगितलंयस ना, चुकलास तर तिथंच थांब."

थोरलीने त्याला कवटाळलं. रडू मात्र तिलाच आवरेना.

"शाबास गं माझी वाघीण!" मामीने संध्याकाळी तिला जवळ घेतलं. काका खाली मान घालून दारात उभे होते. "मी खुंट्या मोजल्या, माणसं मोजलीच नाहीत," ते पुटपुटले. "उद्या या. एक काम राहिलंय."

दुसऱ्या दिवशी भिंतीवर तेरावी खुंटी होती, अगदी खालच्या बाजूला. शेपटाने लाल हेल्मेट तिच्यावर अडकवलं आणि कमरेवर हात ठेवून फर्मावलं,

"काका, आता म्हणा, डझन पूर्ण!"