फाटकाचा रंग आणि ळुटूची गाडी

सगळी मापं बरोबर होती. तरीही गाडी चुकली होती. असं कसं होईल, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होते आणि चांगलं मोठ्यानं म्हणत होते, कारण ती गाडी मी केली होती.

पण आधी पाहुण्याची ओळख करून द्यायला हवी. परग्रहावरून पाहुणे येणं आता काही नवलाचं राहिलेलं नाही. मोठ्या शहरांत तर ते येतच असतात. आमच्या सांगोल्याला मात्र कोण कशाला येतंय? तरी एक आला, आणि त्याचं श्रेय माळगे सरांना. सर आमचे मुख्याध्यापक. त्यांना भाषणं करायचा भारी नाद. पृथ्वीवर कुणी मन लावून ऐकेना, म्हणून त्यांनी शाळेच्या गच्चीवरच्या अँटेनातून आपली भाषणं अवकाशात सोडायला सुरुवात केली. निमी नावाच्या ग्रहावर ळुटू नावाच्या एका जिवानं ती सगळीच्या सगळी ऐकली, त्यांतून मराठी शिकला आणि थेट भेटायलाच निघून आला.

ळुटूची उंची सात सेंटिमीटर, म्हणजे माझ्या मधल्या बोटाएवढी. दोन हात, दोन पाय, अंगाचा रंग पिस्त्याचा आणि बोलणं हुबेहूब माळगे सरांचं.

“या ठिकाणी मला भूक लागलेली आहे,” तो म्हणायचा. जेवण झालं की म्हणायचा, “या ठिकाणी मी आपला अत्यंत ऋणी आहे.”

मांजराच्या भीतीनं सरांनी त्याला मुरंब्याच्या बरणीत ठेवलं होतं. झाकणाला भोकं पाडली होती, खाली कापूस घातला होता. पुढच्या रविवारी शाळेच्या मैदानावर त्याचा जाहीर सत्कार होता आणि ती बरणी छातीशी धरून सर स्वतः मिरवणुकीनं येणार होते. तोवर ळुटूची बरणी आमच्या घरी होती, कारण सरांकडे तीन मांजरं आहेत.

एका दुपारी ळुटूनं मला जवळ बोलावलं. त्याचा आवाज नेहमीसारखा भाषणातला नव्हता.

“कस्तुरी, मी तीन ग्रहांवर जाऊन आलो. तिन्हीकडे मला बरणीतच ठेवलं. लोक येतात, काचेवर टकटक करतात आणि जातात. मी बघायची वस्तू नाही गं. मी पाहुणा आहे. पाहुणा दार उघडून येतो.”

मला इतकं वाईट वाटलं की मी लगेच शब्द देऊन बसले. “रविवारी तू बरणीतून येणार नाहीस. स्वतःच्या गाडीतून येशील आणि स्वतः दार उघडून उतरशील.”

शब्द द्यायला माझ्याकडे आधार होता. वाढदिवसाला मिळालेला मॉडेल गाडीचा संच कपाटात तसाच पडून होता. यात प्लास्टिकचे सुटे भाग असतात. ते कापून, घासून, चिकटवून गाडी उभी करायची. माझी होती बिनटपाची जीप, आणि तिची दारं खरोखर उघडत होती. खोक्यावर लिहिलं होतं, ‘प्रमाण १:२४’ (म्हणजे खऱ्या गाडीतले चोवीस सेंटिमीटर इथे एक सेंटिमीटर). मी हिशेब केला. ळुटूचे सात सेंटिमीटर गुणिले चोवीस म्हणजे एकशे अडुसष्ट, बरोबर आमच्या बाबांएवढे! गाडी त्याच्यासाठीच केल्यासारखी होती.

मी ती जोडली, आत खेळण्यातली मोटर बसवली आणि रंगवायला घेतली. फाटकाला दिलेला चंदेरी ऑईलपेंट माळ्यावर उरला होता. ब्रशनं तो चांगला थापला. एक हात दिला, दुसरा दिला, तिसरा दिला. पाहुण्याच्या गाडीला कंजुषी कशाला, म्हणून चौथाही दिला. दुसऱ्या दिवशी गाडी टेबलावर ठेवून मी ळुटूला अलगद बाहेर काढलं.

तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला. “या ठिकाणी हा डोंगर कुणी आणून ठेवला?”

“डोंगर काय! तुझी गाडी आहे ती.”

तो धडपडत बॉनेटवर चढला. “मग हा दोरखंड कसला?”

तो ब्रशचा केस होता. रंगात चिकटून वाळला होता.

“आणि हे नांगरलेलं शेत?”

तो माझ्या अंगठ्याचा ठसा होता. मी विषय बदलला. “दार तर उघडून बघ!”

ळुटूनं दाराला हात घातला. ओढलं. मग गाडीला पाय लावून ओढलं. मग मागच्या मागे उताणा पडला. दार काही हललं नाही. तो उठला, कपडे झटकले, आडव्या ठेवलेल्या बरणीत स्वतःच चालत गेला आणि कापसावर जाऊन बसला. ते मात्र माझ्यानं बघवेना. मी भोकाड पसरलं.

माझा आवाज ऐकून इंदूआत्या धावत आली. इंदूआत्या शास्त्रज्ञ आहे. अवकाशयानांना बाहेरून द्यायचे रंग शोधून काढणं हे तिचं काम, आणि सुट्टीत येऊन माझी थट्टा करणं हा तिचा छंद. तिनं भिंगातून गाडी पाहिली.

“काय करून ठेवलंस गं हे?”

“सगळी मापं बरोबर आहेत!” मी हुंदके देत म्हणाले.

“आहेत ना. गाडी तू लहान केलीस. रंग कुठे लहान केलास?”

“रंग कसा लहान करायचा असतो?”

“आधी बाबांच्या जीपच्या दाराभोवतीची फट मोजून ये.”

मी पट्टी घेऊन पळाले. फट चार मिलिमीटरची होती.

“भागिले चोवीस?”

“एक षष्ठांश मिलिमीटर.”

“म्हणजे दीड-दोन कागदांच्या जाडीएवढी फट तुझ्या मॉडेलच्या दाराला होती. आता तुझा रंग बघू.” आत्यानं दारावरचा रंगाचा एक तुकडा खरवडला आणि सूक्ष्ममापकात (अगदी पातळ वस्तूची जाडी मोजायच्या साधनात) धरला. “अर्धा मिलिमीटर! फटीच्या तिप्पट. मग फटीचं काय झालं?”

“बुजली,” मी म्हणाले. दार का उघडेना ते माझ्या लख्ख ध्यानात आलं.

“आता ळुटूच्या डोळ्यांनी बघ. अर्धा गुणिले चोवीस?”

“बारा मिलिमीटर!”

“भाकरीपेक्षा जाड. तू रंग दिला नाहीस बाई, गिलावा केलास. आणि हा चंदेरी रंग चमकतो कशामुळे? त्यात ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात. तुला-मला त्या दिसत नाहीत. ळुटूला त्या रव्याएवढ्या दिसतात.”

“या ठिकाणी मला वांग्याचे काप आठवले होते,” बरणीतून आवाज आला. “परंतु मी सभ्यपणे गप्प राहिलो.”

मला रडता रडता हसू आलं. “पण पुढच्या काचेच्या कडेला रंग इतका का साचला? तिथे तर मी जास्त लावला नव्हता.”

“तो पृष्ठताणाचा प्रताप (द्रवाच्या पृष्ठभागाला आक्रसून राहायची ओढ असते, तो पृष्ठताण). कोपरा मिळाला की ओला रंग तिथे गोळा होतो. खऱ्या गाडीत एवढासा रंग कुणाच्या ध्यानातही येत नाही. इथे त्यानं अख्खी खाच भरून जाते. कस्तुरी, वस्तू लहान करता येते, पण ती ज्यापासून होते ते आपोआप लहान होत नाही. रंगातल्या चकत्या, ब्रशचे केस, कापडाचे धागे, थेंबाचा पृष्ठताण, यांना तुझ्या खोक्यावरचं प्रमाण कुणी वाचून दाखवलेलं नसतं.”

“मग रंगही चोवीस पट पातळ द्यायचा का?”

“खऱ्या गाडीवरचा रंग साधारण कागदाएवढा जाड असतो. त्याच्या चोविसाव्या भागाएवढा थर मलाही जमायचा नाही. पण जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं. चल, ऊठ.”

आत्यानं तिच्या प्रयोगशाळेतला एक द्रव आणला. तो प्लास्टिकला धक्का न लावता रंग तेवढा सोडवतो. त्यात गाडी बुडवून ठेवली. दुसऱ्या दिवशी चंदेरी गिलावा सालीसारखा निघून आला. मग साबणानं धुऊन, बारीक पॉलिश पेपरनं घासून गाडी गुळगुळीत केली. आधी अस्तर (रंगाला धरून ठेवणारा पहिला पातळ थर) दिलं. नंतर डाळिंबी रंगात थिनर घालून तो दुधाएवढा पातळ केला आणि फवारणीच्या पेननं (हे हवेच्या जोरावर रंगाचं धुकं उडवतं) दुरूनच मारला. पहिल्या हातानंतर खालचं अस्तर तसंच दिसत होतं. मी कुरकुरले. “दिसू दे,” आत्या म्हणाली. “एक जाड हात देण्यापेक्षा अनेक पातळ हात दे आणि मधे वाळू दे.” वाळलं का हे बघायला मी सारखं बोट पुढे करायचे. शेवटी आत्यानं मलाच बरणीत घालायची धमकी दिली.

रविवारी सकाळी माळगे सर सत्काराचं सामान घेऊन आले. शाल म्हणून त्यांनी रुमालाचा तुकडा कापला होता, काठासकट. ती शाल ळुटूला पांघरली, तर ती त्याच्या खांद्यावर बसेना, ताठ उभी राहिली. आत ळुटू दिसेनासाच झाला.

“मापात कापली आहे मी!” सर म्हणाले.

“मापात आहे सर, पण धागे लहान झालेले नाहीत,” मी ऐटीत म्हणाले. “तुम्ही त्याला सतरंजी पांघरलीत.” आत्या माझ्याकडे बघून गालात हसली. मी स्वयंपाकघरात गेले, कांदा चिरला आणि आतल्या दोन पाकळ्यांमधला पापुद्रा अलगद सोडवून आणला. ती शाल मात्र छान बसली. राहिलं श्रीफळ. सरांनी आणलेला नारळ ळुटूपुढे ठेवला असता तर अख्खी खोलीच भेट दिल्यासारखं झालं असतं. मी पुन्हा भागाकार केला आणि डाळिंब फोडलं. दाणा बरोबर नारळाच्या मापाचा निघाला.

मैदान गच्च भरलं होतं. व्यासपीठावरच्या लांब टेबलाच्या एका टोकाला मी गाडी ठेवली आणि मोटर सुरू केली. डाळिंबी जीप घुर्र करत निघाली आणि मधोमध थांबली. ळुटू आत ताठ बसला होता. आता दार अडकलं तर सगळ्या गावापुढे त्याला बोटांनी उचलून काढावं लागणार होतं.

ळुटूनं दाराला हात लावला. टिक्, एवढाच आवाज झाला. दार उघडलं. तो उतरला, वळला आणि त्यानं दार नीट लावून घेतलं. मग आमच्यापुढे कमरेत वाकून नमस्कार केला. मी इतकी ओरडले की माझा घसा बसला.

सरांनी कांद्याची शाल पांघरली, डाळिंबाचा नारळ दिला. ळुटूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

“पाहुणे गहिवरले!” सर माईकवर म्हणाले आणि स्वतःच रुमालानं डोळे पुसू लागले.

“कांदा,” आत्या माझ्या कानात म्हणाली.

मी नंतर ळुटूला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “शाल पांघरल्यावर कांदा होता. दार लावताना मात्र नव्हता.” त्याला म्हणायचं होतं ते मला समजलं. दार लावताना शाल त्याच्या अंगावर नव्हतीच, म्हणजे तेव्हाचं पाणी त्याचं स्वतःचं होतं.

निघायच्या दिवशी ळुटूनं मला एक बातमी सांगितली. निमीच्या शेजारच्या ग्रहावर समुद्रात राहणारे लोक आहेत, देवमाशांएवढे मोठे आणि स्वभावानं चांगले. मी मोठी झाले की त्यांच्याकडे पाहुणी म्हणून जायचं, अशी व्यवस्था त्यानं करून ठेवली होती.

“मी त्यांना केवढीशी दिसेन?” मी विचारलं.

“बोटाएवढी.”

मला एकदम मुरंब्याची बरणी आठवली. ळुटूनं ते ओळखलं असावं, कारण तो जीपच्या बॉनेटला टेकून हसला.

“काळजी करू नकोस. मी त्यांना निरोप धाडला आहे. या ठिकाणी एक मुलगी येईल. रंग पातळ द्या. दार उघडलं पाहिजे.”