चावी मारणाऱ्यानं मांगं पाहून घ्यावं

आधी एक सांगून ठेवतो. मी थट्टेखोर माणूस आहे. माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. मागच्या वर्षी मला खरोखर विंचू चावला, तर घरच्यांनी आधी मी मोबाईल कुठे लपवून शूटिंग लावलंय ते शोधलं. विंचू नंतर शोधला.

म्हणून हे शपथेवर लिहितोय. हे घडलं आहे. ज्याच्यासोबत घडलं तो शेखर अजूनही माझ्याकडे तिरप्या नजरेने बघतो. याहून मोठा पुरावा माझ्याकडे नाही.

दुसरी गोष्ट. हे रात्री घडलेलं नाही.

भर दुपारी घडलं. मे महिना. मोर्शीच्या अलीकडे शेखरची संत्र्याची बाग आहे, तिथे. ज्यांनी वऱ्हाडातला मे पाहिलाय त्यांना समजावायला नको. जेवणं झाली की दारं बंद, कूलर चालू. अमावास्येच्या रात्री निदान चोर तरी बाहेर असतात. आमच्याकडे मे महिन्याच्या दुपारी तेही झोपतात.

त्या दुपारी बागेत आम्ही दोघंच होतो.

निदान... तसं आम्हाला वाटत होतं.

शेखरने बागेत पाहुणे फिरवायला एक बग्गी घेतली होती. खड्ड्यातून, नाल्यातून उडवायची ती. लोखंडी नळ्यांचा पिंजरा, चार जाड टायर, ना छत ना दार. रसवंतीचं आणि रणगाड्याचं लग्न लावलं तर जे अपत्य होईल, ते. इंजिन सीटच्या मागे. मध्ये पत्रा. सीटवर बसलेल्याला मागे इंजिनपाशी कोण आहे ते दिसत नाही.

हे लक्षात ठेवा.

बग्गी आम्ही बाळापूरच्या जयवंताबाईंकडून आणली. त्यांचं फुलांचं दुकान आहे. घरात शिरलो तर भिंतीवर एका तरुण माणसाचा फोटो, हातात पाना, गळ्यात झेंडूचा ताजा हार.

"माह्या भावानं बनवली ही बग्गी," त्या म्हणाल्या. "श्रावणनं."

आम्ही दोघांनी फोटोला नमस्कार केला. शेखरने तर डोळे मिटून घेतले. बाईंनी आमच्याकडे जरा विचित्र पाहिलं. दुःखात माणूस असं पाहतो, असं आम्हाला वाटलं.

निघताना त्या पिंजऱ्याची नळी धरून उभ्या राहिल्या.

"एक ध्यानात ठेवजा भाऊ. चावी मारणाऱ्यानं मांगं पाहून घ्यावं. आवाजावर जाऊ नये."

"कोणता आवाज? सायलेन्सरचा?" मी विचारलं.

त्या हसल्या नाहीत.

महिनाभर बग्गी छान चालली. मग नखरे सुरू झाले. इंजिन तापलं की बंद, थंड झालं की चालू. मोर्शीच्या मिस्त्रीने फोनवरच सांगितलं, "कॉइल गेली. ठिणगीच बनत नसन." ओरिजिनल कॉइल मिळेना, कारण श्रावणने इंजिन कोणत्या गाडीचं बसवलं होतं हे त्या इंजिनालाही आठवत नसावं. शेखरने बाहेरच्या कंपनीची मागवली. झक्कास दिसायची. जाड, लालभडक वायर. फक्त एकच अडचण, पट्टीची भोकं जुळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याहून पाहुणे येणार होते. लेकरांना सगळ्यात आधी बग्गीत बसायचं होतं. म्हणून ती दुपार.

शेखर मागे इंजिनपाशी. मी सीटवर, चावीपाशी. मी चारी पट्टे लावून बसलो होतो. गाडी उभी असली तरी मी पट्टे लावतो. आयुष्यात मी सुरक्षिततेची एवढी एकच गोष्ट पाळतो.

अशा कामात एकच नियम असतो. मागचा माणूस "मार" म्हणतो. मगच पुढचा चावी मारतो. मागच्याचा हात कुठे आहे ते फक्त मागच्यालाच माहीत असतं. त्यातून या बग्गीची चेन इंजिनाला लागूनच, उघडी. नुसता सेल्फ मारला तर ती हलत नाही. पण इंजिन पकडलं आणि रेस दिली, की फिरते. मग तिच्यात काय अडकलंय ते ती विचारत नाही.

शेखरने कॉइल सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने तात्पुरती बांधली. वायरी जोडल्या. मी ऐकत होतो. पान्याचा आवाज... शेखरचं पुटपुटणं... मग काहीच नाही.

झाडावरचा होला बोलायचा थांबला.

मग मागून आवाज आला.

"मार."

मी चावी मारली. इंजिनाने पहिल्याच झटक्यात पकडलं. मी खुशीत ओरडलो, "जमलं बे!"

आणि समोर पाहिलं...

समोरून शेखर येत होता. हौदावरून. ओलं तोंड दुपट्ट्याने पुसत.

मी इंजिन बंद केलं.

"कावून मारली बे चावी?" तो म्हणाला.

"तू मार म्हणाला ना."

"मी त पाणी पिऊन राहिलो होतो तिकडं."

"मग मागे कोण आहे?"

आम्ही दोघं मागे गेलो. कोणी नव्हतं. सावलीही नव्हती, कारण ऊन डोक्यावर होतं.

"प्रीत्या," शेखर म्हणाला, "तुह्या गमती कूलरसमोर बसून कर. इथं लोखंड हाये."

मी शपथ घेतली. आईची घेतली, ती चालली नाही. मग माझ्या क्रिकेटच्या बॅटची घेतली, तेव्हा तो जरा विचारात पडला. पण मलाही शंका येत होतीच. हौद किती लांब? "मार" म्हणून पळत जायला किती वेळ लागतो? ओलं तोंड दाखवलं म्हणजे माणूस निर्दोष का?

दोघंही एकमेकांकडे पाहत राहिलो.

शेवटी तोडगा मीच काढला. शब्द बदलायचा. असा शब्द, जो या कामात कोणी बोलणारच नाही. आणि तो तोंडाने ठरवायचा नाही. मी मोबाईलवर टाइप केला, शेखरला दाखवला, पुसून टाकला.

गिला वडा.

शेखर हसला. मीही हसलो. अमरावतीकर माणसाला संकटात दह्यात भिजलेल्या वड्याशिवाय दुसरं काय आठवणार?

मी परत सीटवर. पट्टे लावले. शेखर मागे, आता कॉइल पक्की करायला. भोकं जुळत नव्हती म्हणून तो नट तिरपा धरून फिरवत होता. मला ऐकू येत होतं. कर्र... कर्र...

टिंग.

"पडला," शेखर म्हणाला. "नट पडला खाली. थांब."

मी थांबलो.

घामाचा थेंब नाकावरून खाली यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ गेला असेल.

आणि मग... अगदी पत्र्याला तोंड लावून बोलावं तसं... शेखरच्याच आवाजात...

"गिला वडा."

मला मागे पाहायला सांगितलं होतं. बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. पण पट्टे आवळलेले, मध्ये पत्रा, आणि तो शब्द तर जगात दोघांनाच माहीत होता.

मी रेस दाबली आणि चावी मारली.

सेल्फ फिरला. खर्र... खर्र... खर्र...

इंजिनाने पकडलं नाही.

आणि मागून शेखर किंचाळला. तसा आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, त्याच्या लग्नातही नाही.

मी चावी काढून फेकून दिली. पट्टे सोडून मागे पोचेपर्यंत शेखर जमिनीवर बसला होता. उजवा हात छातीशी धरून. नट चेनच्या खाली पडला होता. तो काढायला त्याने मनगटापर्यंत हात आत घातला होता. चेन आणि चक्राच्या मधोमध.

त्याने बोटं मोजली. मग मी मोजली. सगळी होती.

"तू बोलला," मी म्हणालो.

"मी तोंड बी उघडलं नाई."

"शेखर, तो शब्द बोलला कोणीतरी."

"शब्द दोघाईलेच माहीत होता." त्याने मान वर केली. "माह्या हाताशी मस्करी करून राहिला तू, प्रीत्या?"

मला आयुष्यात पुष्कळ शिव्या बसल्या आहेत. एवढं कशानेच लागलं नाही.

मी इंजिनाकडे पाहिलं.

कॉइलची लाल वायर प्लगवरून निघालेली होती. म्हणूनच इंजिन पकडलं नाही. पकडलं असतं तर...

"वायर तू काढली?" मी विचारलं.

"मी कावून काढीन? घट्ट बसवली होती. अन् हात कुठं होते माहे? एक चेनमधी, एक नळीवर."

मी पट्ट्यांत बांधलेला होतो. हे शेखरलाही पटलं, कारण पट्टे सोडायला मला किती वेळ लागतो ते त्याने नेहमी पाहिलंय.

मग त्यालाच ते दिसलं.

नव्या कोऱ्या लाल वायरवर काळ्या ग्रीसचे ठसे होते. दोन बोटांचे.

माणूस वायर ओढतो ती अंगठा लावून. इथे अंगठा नव्हताच. बिडी धरतात तशी वायर धरली होती. अंगठ्याजवळचं बोट आणि मधलं बोट. बस.

शेखरने खिशातून फोन काढला आणि जयवंताबाईंना लावला. स्पीकरवर.

"बाई," मी म्हणालो, "राग मानू नका. तुमचे भाऊ... गेले कसे?"

"कुठं गेला?" बाई म्हणाल्या. "हा काय, समोर बसून हार करून राहिला."



"फोटोला हार होता," शेखर कसाबसा म्हणाला.

"अवो, फुलवाल्याचं घर हाये आमचं! उरलेला हार कुठंबी टांगतो. फ्रिजले बी हाये. तुमी नमस्कार केला तवाच मले वाटलं, हे पोरं असे कावून करून राहिले..." मग त्यांचा आवाज एकदम उतरला. "कावून हो? आवाज आला का?"

शेखरने सगळं सांगितलं.

मग फोनवर पुरुषाचा आवाज आला.

"बोटं हायेत का?"

"हायेत," शेखर म्हणाला.

"कशी वाचली?"

"वायर निघाली. कोणीतरी काढली. दोन बोटाचे ठसे हायेत."

फोनमधून पंख्याची घरघर आली.

"अंगठ्याजवळचं अन् मधलं?"

"हो."

"माहे तेच गेले," श्रावण म्हणाला. "त्याच चेनमधी. बहीण चावीवर होती. ती म्हणे, तू आवाज देल्ला. मी म्हणे, म्या नाई देल्ला. मले वाटे खोटं बोलते."

मागून बाईंच्या रडण्याचा आवाज येत होता. मग श्रावण फोनवर नाही, घरात कोणाला तरी म्हणाला, "जये... चाय ठेव."

फोन कट व्हायच्या आधी बाई हुंदका देत एवढंच म्हणाल्या, "बोटं गेल्यापासून आज पयल्यांदा बोलला माह्याशी."

मी बराच वेळ त्या ठशांकडे पाहत बसलो. भूत म्हटलं की पूर्ण माणूस असतो, अशी माझी लहानपणापासूनची समजूत होती. तसा काही नियम नसावा. माणूस बाळापूरला हार करतोय. मेली आहेत ती फक्त दोन बोटं.

कॉइल दुसऱ्या दिवशी पक्की बसली. शेखरने मिस्त्रीला बोलावलं, आम्ही लांब उभे राहिलो. पाहुणे फिरले, लेकरं खूश झाली. शेखर माझ्याशी बोलू लागला, पण पाठ करून माझ्यापुढे उभा राहत नाही. त्याच्या डोक्यात अजून असेल, ठसे या प्रीत्यानेच उमटवले असतील. मी त्याच्या जागी असतो तर मलाही तेच वाटलं असतं.

आता आम्ही आवाज देतच नाही. नियम बदललाय. मागच्याने पुढे यायचं, चावीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, मगच चावी.

मागच्या आठवड्यात प्लग साफ करायचा होता. पुन्हा दुपार. मी सीटवर, शेखर मागे.

थोड्या वेळाने माझ्या डाव्या खांद्यावर हात आला. जड, भरलेला हात. मी निर्धास्त झालो. चावीकडे हात नेला...

आणि माझं मनगट कोणीतरी धरलं.

दोन बोटांनी. बिडी धरतात तसं.

मी चावीला हात लावला नाही. मागे पाहिलं नाही. ओरडलो, "शेखर, कुठं आहे तू?"

"इथंच!" शेखर पत्र्यामागून म्हणाला. "थांब, हात आत हाये माहा."

खांद्यावरचा हात तसाच होता. पाचही बोटं मला शर्टातून वेगवेगळी कळत होती.

मग तो उचलला गेला. सावकाश. त्यानंतरच त्या दोन बोटांनी मनगट सोडलं. शर्टाच्या बाहीवर ग्रीस लागलं होतं. शेखरला मी ती बाही दाखवली. बऱ्याच दिवसांनी तो माझ्या शेजारी येऊन बसला.

शेखर म्हणतो, बग्गी विकून टाकू.

मी त्याला थोपवून धरलंय. विकली तर ती दोन बोटंही तिच्यासोबत जातील. आणि दुसरा तो, पाच बोटांचा, आवाज देणारा... तो आमच्याकडेच राहिला तर? तो शब्द त्याने कुठून वाचला असेल? आम्ही बोललो नव्हतो. तो फक्त माझ्या मोबाईलवर होता, माझ्या हातात.

तो बग्गीचा आहे, असं आम्ही धरून चाललोय.

हे लिहिताना मी अमरावतीला आहे, घरी. बग्गी मोर्शीला आहे. दुपार आहे, कूलर चालू आहे, घरचे सगळे झोपलेत.

आणि मी आज कधी नव्हे ते पाठ भिंतीला लावून बसलोय.