तळं तुडवणारे

जागा विकायची पाटी फाट्यावर मीच लावली, आणि बघायला आलेल्या माणसाला 'घेऊ नका' म्हणून सांगणारीही मीच. वेडी म्हणा हवं तर. आधी कॉफी घ्या, आणि जरा हळू बोला. आतल्या खोलीत माझा भाऊ झोपलाय, वेंडल. त्या जागेतलं तळं त्याचंच.

त्या दिवशी मी त्याला बीन्स द्यायला निघाले होते, एवढंच. नोव्हेंबरातला शनिवार, हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. सकाळपासून डोंगरात बंदुका वाजत होत्या. दुपारनंतर धुकं उतरलं तशा त्याही गप्प झाल्या. डुकराच्या हाडावर शिजवलेल्या बीन्सचा टोप आणि मक्याचा पाव पिकअपमध्ये शेजारच्या सीटवर ठेवला, अंगात नारिंगी जाकीट घातलं, नाहीतर कुणीतरी हरीण समजून माझाच मुडदा पाडायचा, आणि निघाले. वेंडल बरेच दिवस फोन उचलत नव्हता. आई गेली तेव्हा तो एवढासा होता, मीच त्याला वाढवलं. त्यामुळे त्याने फोन उचलला नाही की माझं डोकं फिरतं.

तळ्याचं आधी सांगते, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही.

बॅटऱ्यांच्या कारखान्यात आयुष्य काढलं त्याने. जेवायच्या जागेलासुद्धा खिडकी नव्हती तिथे. म्हणायचा, "ओपल, निवृत्त झालो की स्वतःचं तळं करणार. सकाळी कॉफी घेऊन बसायचं आणि बदकं उतरताना बघायची. दुसरं काही नको मला." आणि केलंन. दोन टेकड्यांमधली घळ बुलडोझरने खोदली, बांध घातला, काठाचे ओक राखले, बदकांना अंडी घालायला झाडांवर लाकडी पेट्या ठोकल्या. पाऊस झाला, तळं भरलं... आणि महिन्याभरात कोरडं. आमच्या ओझार्कच्या डोंगरातली जमीनच तसली. वर लाल माती, खाली चुनखडी, आणि चुनखडीत भोकंच भोकं. पुन्हा भरलं, पुन्हा गेलं. लोक त्याला 'वेंडलची चाळण' म्हणायला लागले. शेजारचा क्लीट तर येता-जाता ओरडायचा, "काय रे वेंडल, आज बदकाचे पाय तरी भिजतील का?" वेंडल वरवर हसायचा. घरी आला की त्याचं तोंड बघवायचं नाही.

यावर आमच्याकडे एक जुना उपाय आहे. गळक्या तळ्यात डुकरं कोंडायची. भोवती कुंपण घालायचं आणि तळाला मका टाकायचा. मक्यासाठी डुकरं सगळी जमीन उकरतात, तुडवतात. खुरांखाली मातीचा लोण्यासारखा गारा होतो आणि एकेक भोक बुजत जातं. आमच्या वडिलांनीही असंच तळं बसवलं होतं. पण ते घरची डुकरं वापरायचे, आणि काम झालं की स्वतः उभं राहून एकेकाला बाहेर काढायचे, ओढ्यावर धुवायचे, पोटभर खायला घालायचे. "राबवून घेतलं त्याला सोडायचंही असतं," म्हणायचे.

वेंडलला कुठला धीर! क्लीटच्या पिंजऱ्यात रानडुकरं सापडायची, कळपच्या कळप, आणि त्यांना मालक नव्हता. तीच आणून कोंडली. तुडवून घेतलं मनासारखं. मग घोडं अडलं, आता यांना काढायचं कसं? रानडुक्कर काय तुमच्या हाकेवर चालणार आहे? सोडावीत तर सगळ्यांची शेतं उलथून टाकतील. शेवटी वेंडल आणि क्लीट, दोघांनी बांधावर उभं राहून गोळ्या घातल्या. मी तिथे नव्हते, पण माझ्या अंगणापर्यंत तो आवाज येत होता. डुक्कर माणसासारखं किंचाळतं हो. माद्या होत्या, पिल्लं होती. कुंपणाला धडका देत होती, एकमेकांच्या अंगावर चढत होती. गोळ्या संपल्या तेव्हा निम्मी अजून धडपडत होती. आभाळ भरून आलं होतं, आणि हा हट्टी गाढव बुलडोझरवर चढला. मेलेली, अर्धमेली, जिवंत, सगळी त्याने तिथेच दाबली. वरून मातीचा थर दिला आणि त्यावर बुलडोझर मागे-पुढे फिरवत राहिला.

क्लीटने मला हे सांगितलं, आणि त्या दिवसापासून त्याने वेंडलची टवाळी सोडली.

तळं भरलं. थेंबभर गळलं नाही.

काय देखणं दिसायचं म्हणून सांगू! बदकं आली, निळा बगळा आला, दिवस कलला की हरणं पाण्यावर यायची. वेंडल लाकडी धक्क्यावर खुर्ची टाकून बसायचा, मांडीवर दुर्बीण आणि पायाशी सेडी, त्याची कुत्री. मला फोन करून कुजबुजायचा, "ओपल, पिल्लं पेटीतून पाण्यात उड्या मारतायत. ये ना गं." इतका सुखी मी त्याला जन्मात पाहिला नव्हता. तो उन्हाळा सगळा कोरडा गेला. माझी विहीर आटली, ओढा आटला. त्याचं तळं बोटभरही उतरलं नाही.

मग बदकं बुडायला लागली. डुबकी मारायची ती वर यायचीच नाहीत. वेंडल म्हणाला, मोठं कासव असेल. एकदा सेडी फेकलेली काठी आणायला पाण्यात उतरली. काठालाच होती, पोटसुद्धा भिजलं नव्हतं. एकदम खाली गेली. थोड्या वेळाने तिचा गळपट्टा तेवढा वर आला, बक्कल न उघडलेला. त्यानंतर वेंडलने मला बोलवणंच बंद केलं.

तर त्या शनिवारी मी पोचले. उजेड होता, पण धुक्याने सगळं पांढरं. पाण्यावर एक पाखरू नाही. पिकअपचं दार उघडलं आणि वास आला... ओल्या मातीचा, आणि त्याखाली डुकरांच्या कोंडवाड्याचा, कुबट. मग आवाज ऐकला. पाण्याच्या खालून येत होता. चिखलात पाय रुततो आणि निघतो तसा. एक नव्हे, शेकडो. कुणी मोठ्या परातीत कणीक तिंबावी तसं चाललं होतं, न थांबता.

वेंडल धक्क्यावर बसला होता. दाढी वाढलेली, गाल बसलेले. शेजारी मक्याची पोती रचलेली, त्यांना रायफल टेकवलेली.

"ऐकू येतंय ना तुलाही?" त्याने मान न वळवता विचारलं.

"काय आहे ते?"

"तुडवतायत." तो इतक्या हळू बोलत होता की मला वाकावं लागलं. "थांबली की पाणी जातं, ओपल. मका घातला की पुन्हा सुरू करतात. आधी एक बादली पुरायची. आता..."

"आता काय?"

त्याने नुसतं समोर बोट केलं.

पलीकडच्या काठावर धुक्यातून एक नर हरीण बाहेर आलं. मोठ्या शिंगांचं. मान उंचावून त्याने वास घेतला, पुढचे पाय पाण्यात टाकले आणि तोंड खाली नेलं. कडकन आवाज झाला. पुढचे दोन्ही पाय गुडघ्यातून मोडले होते. पाण्यावर साधा तरंगही नव्हता हो! हरीण ओरडलं. तसा आवाज त्या प्राण्याच्या गळ्यातून निघतो हे मला माहीत नव्हतं. मागचे पाय काठाला रोवून ते मागे सरायला बघत होतं, आणि त्याचं पोट खालून फाटत चाललं होतं. आतडी पाण्यावर पसरली. मग एक हिसका, आणि सगळंच खाली गेलं. तेवढ्या भागातलं पाणी लाल झालं.

तुडवायचा आवाज थांबला.

"खातायत," वेंडल पुटपुटला.

आम्ही दोघं वाट बघत राहिलो. आवाज काही सुरू होईना. वेंडलचा चेहरा राखेसारखा झाला. "पुरलं नाही... हरीणसुद्धा पुरत नाही आता..." म्हणत त्याने पोत्यात बादली खुपसली.

मी ती धरली. "वेंडल, गाडीत बस."

"पाणी जाईल."

"जाऊ दे मेलं! तळं गेलं तर गेलं, तू तरी राहशील."

"तुला काय कळतंय?" तो माझ्यावर खेकसला. लहानपणीसुद्धा कधी असा बोलला नव्हता. "सगळे हसत होते मला. तूसुद्धा हसलीस. सोड बादली!"

हसले होते मी. पण बादली सोडली नाही. पोत्यांसमोर आडवी उभी राहिले आणि सांगितलं, "आज एक दाणा पडणार नाही. काय व्हायचं ते होऊ दे." आजही तशीच वेळ आली तर मी तेच करीन.

पाणी उतरायला लागलं. तळाशी कुणी बूच काढावं तसं गुरगुरत, बघता बघता. काठाचा चिखल उघडा पडला, धक्क्याचे खांब उघडे पडले, मासे तडफडायला लागले. वेंडल लहान पोरासारखा रडायला लागला. त्याने मला ढकललं, मी पोत्यांवर आपटले. तो बादली घेऊन खाली चिखलात उतरला आणि मका उधळत ओरडू लागला, "थांबा! जाऊ नका! आणलंय मी, आणलंय..."

दहा-बारा पावलांत गुडघ्यापर्यंत रुतला. पाय निघेनात.

आणि तळ्याच्या मधोमध, त्या गुळगुळीत लाल चिखलावर, खुरांचे ठसे उमटायला लागले.

कुणी दिसत नव्हतं. नुसते ठसे. पचक... पचक... दुभंगलेले, खोल. एक रांग, मग दुसरी, मग सगळीकडून. मोठे होते, आणि पिल्लांचे इवले इवलेही. मका होता तिथे क्षणभर थबकले. दाणे चिखलात गेले. मग सगळे ठसे वेंडलकडे वळले.

हात चालू होते माझे, देवाची कृपा. त्याची रायफल उचलून चिखलात गोळ्या झाडल्या. चिखल उडाला, ठसे थांबले नाहीत. पिकअपमध्ये शिकार ओढायचा दोर होता, तो फेकला. "काखेखालून बांध!" मी ओरडले. "वेंडल, बांध रे बाळा, बांध!" त्याने कसाबसा गुंडाळला. तेवढ्यात तो किंचाळला आणि बघते तर त्याच्या पँटच्या चिंध्या उडत होत्या. मांडीचं मांस त्याच्यासमोर, माझ्यासमोर, तुकड्या-तुकड्याने निघत होतं आणि हवेतच नाहीसं होत होतं. चिखल त्याच्याभोवती उकळल्यासारखा खालीवर होत होता. दोर गाडीच्या आकड्याला अडकवला आणि ॲक्सिलरेटर दाबला. चाकं जागच्या जागी फिरली. मागे त्याचा आवाज येत होता, मध्येच तो बंद झाला. मग गाडी एकदम पुढे गेली.

गुडघ्याखाली काही उरलं नव्हतं. स्वतःचा पट्टा, त्याचा पट्टा, दोन्ही आवळले. मांडीवर त्याचं डोकं घेऊन एका हाताने गाडी चालवली. कशी चालवली, विचारू नका.

वाचला. डॉक्टर म्हणाले, रानडुकरांचं काम. दुसऱ्या दिवशी शेरीफची माणसं बंदुका घेऊन गेली. त्यांना डुकराचं शेपूटही दिसलं नाही. तळं मात्र काठोकाठ भरलेलं होतं, पावसाचा थेंब नसताना. क्लीटने ते पाहिलं आणि त्याच आठवड्यात तो लेकीकडे निघून गेला.

वेंडलला मी इथे घेऊन आले. खातो, टीव्हीवर बेसबॉल बघतो, माझ्या कॉफीला नावं ठेवतो. तळ्याचं नावही काढत नाही. एकदा माझा हात धरून म्हणाला, "तू नसतीस तर..." आणि रडला. मीही रडले. म्हटलं, गेले ते पाय गेले, माझं पोर मला परत मिळालं.

मग ईस्टरच्या सुमाराला सकाळी उठले तर फरशीवर लाल मातीचे ठसे. त्याच्या खाटेपासून मागच्या दारापर्यंत. ओले, दुभंगलेल्या खुरांचे. डुक्कर घरात शिरलं म्हणाल, तर डुकराला चार पाय असतात. हे दोनच पायांचे होते, एकापुढे एक, माणूस चालतो तसे. वेंडल गाढ झोपलेला. चाकाची खुर्ची भिंतीशी, ठेवली तिथेच.

पुसून टाकले मी. तेव्हापासून रोज पुसते, तो उठायच्या आत. त्याला सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही सांगायचं नाही. भाऊ आहे तो माझा. त्याला मी पुन्हा कुणाच्या हाती देणार नाही.

आज मात्र ठसे मागच्या दाराकडे गेले नव्हते. त्याच्या खाटेपासून माझ्या खाटेपर्यंत आले होते. मी झोपले होते त्या बाजूला बराच वेळ कुणीतरी एकाच जागी पाय तुडवत उभं असावं, एवढा तिथे गारा झाला होता. आणि तिथून परत गेल्याचा एकही ठसा नव्हता.